टाइप-सेफ स्टायलिंग: चपला आणि गूळ, दोन दुकानांसाठी एकच इंटरफेस

कोल्हापुरातील एखाद्या लहान सॉफ्टवेअर चमूकडे चपलांच्या दुकानाचे आणि मार्केट यार्डातील गूळ व्यापाऱ्याचे अशी दोन संकेतस्थळांची कामे एकाच वेळी आली, तर कार्ड, बटण आणि मालाची स्थिती दाखवणारा बॅज हे घटक दोन्हीकडे सारखेच लागतात. बदलतात ते रंग, अंतरे आणि अक्षरांची मापे. अशा कामात सीएसएस (पानाचे रंगरूप ठरवणारी भाषा) टाइपस्क्रिप्टमध्ये (किमतींचे प्रकार, म्हणजे टाइप, आधीच तपासणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये) कसे लिहावे, हे येथे 'व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट' या लायब्ररीच्या आधारे मांडले आहे. 'स्टाइल्ड कंपोनंट्स'सारख्या लायब्ररीत स्टाइल तयार करण्याचे काम ब्राउझरमध्ये चालते; व्हॅनिला एक्स्ट्रॅक्टमध्ये ते बिल्डच्या वेळीच, म्हणजे कोडपासून प्रकाशित करायच्या फाइली बनतानाच, आटोपते आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर साधी सीएसएस फाइल पोहोचते, म्हणून ही निवड.

लायब्ररी आणि बिल्ड करणाऱ्या 'व्हीट' (Vite) या साधनासाठीचे तिचे प्लगिन बसवून टाइपस्क्रिप्टच्या कॉन्फिगरेशनमध्ये कडक तपासणीचा 'स्ट्रिक्ट' पर्याय चालू करावा. स्टाइलच्या फाइलचे नाव 'डॉट सीएसएस डॉट टीएस'ने संपले पाहिजे. ही फाइल बिल्ड होताना चालते, त्यामुळे तिच्यात ब्राउझरचे 'विंडो' किंवा घटकाचे प्रॉप्स (घटकाला बाहेरून दिलेल्या किमती) मिळत नाहीत आणि स्वतः लिहिलेले साधे फंक्शन तिच्यातून एक्स्पोर्ट केल्यास बिल्ड थांबतो. नवखे लोक बहुधा येथेच अडकतात. असे फंक्शन वेगळ्या, साध्या टीएस फाइलमध्ये ठेवले की प्रश्न मिटतो.

आता फुकट काय मिळते ते पाहू. 'टेक्स्ट अलाइन'ला 'मिडल' अशी किंमत दिली किंवा गुणधर्माचे स्पेलिंग चुकले, तर एडिटर लगेच लाल रेघ मारतो. मात्र 'कलर'ला 'तांबडा' अशी स्ट्रिंग दिली तर कोणीच हरकत घेत नाही. सीएसएसमध्ये रंग लिहिण्याच्या पद्धती इतक्या आहेत की 'सीएसएस टाइप' या पॅकेजने रंगासाठी कोणतीही स्ट्रिंग मान्य केली आहे. ब्राउझर ती ओळ मुकाट्याने वगळतो आणि बटण बेरंग राहते. म्हणजे लायब्ररी आणली की सगळे सुरक्षित झाले, ही समजूत खरी नाही. खरी सुरक्षितता आपण स्वतः आखलेल्या टोकनांतून, म्हणजे रंग, अंतर अशा किमतींना दिलेल्या नावांतून येते.

त्यासाठी 'क्रिएट थीम कॉन्ट्रॅक्ट' हे फंक्शन वापरावे. त्यात मुख्य रंग, पार्श्वभूमी, लहान-मोठी अंतरे, ओळीची उंची अशा जागांची फक्त नावे लिहावीत आणि प्रत्येकीची किंमत 'नल' ठेवावी. मग 'क्रिएट थीम'ला हा करार देऊन चपलांच्या दुकानाची एक आणि गुळाची दुसरी अशा दोन थीम भराव्यात. गुळाच्या थीममध्ये पार्श्वभूमीचा रंग द्यायचा राहिला, तर टाइपस्क्रिप्ट नेमकी तीच जागा दाखवते. घटकांच्या स्टाइलमध्ये मात्र रंगाचा आकडा थेट लिहू नये, करारातील टोकनच घ्यावे. हा नियम मोडू दिला तर करार केवळ कागदावर राहतो.

ओळीच्या उंचीचे टोकन मराठी संकेतस्थळासाठी विशेष जपावे. 'कुरुंदवाडी' हे चपलेचे नाव घ्या: वर वेलांटी आणि अनुस्वार, खाली उकार. कार्डावरील नाव एका ओळीत बसवण्यासाठी चौकटीबाहेरचा भाग लपवणारे 'ओव्हरफ्लो हिडन' लावले आणि ओळीची उंची १.२ ठेवली, तर अनेक देवनागरी फॉन्टमध्ये उकार खालून छाटला जातो. १.६ च्या आसपासची किंमत बहुतेक वेळा पुरते. थीममध्ये ती स्ट्रिंग म्हणूनच लिहावी, कारण टोकनाची किंमत तेथे स्ट्रिंगच अपेक्षित असते.

बॅजसाठी 'रेसिपी' हे सोबतचे पॅकेज घ्यावे. त्यात सर्व बॅजना सामाईक असणारी मूळ स्टाइल एकदा लिहून 'स्थिती' या नावाखाली तीन पर्याय द्यावेत: शिल्लक, संपले आणि मापानुसार बनवून मिळेल. 'रेसिपी व्हेरियंट्स' या टाइपमधून रिअ‍ॅक्ट (इंटरफेस बनवण्याची लायब्ररी) घटकाचे प्रॉप्स काढले की चौथी स्थिती लिहिणाऱ्याला टाइपस्क्रिप्ट लगेच चूक दाखवते. एक बारकावा असा की हे सगळे पर्याय मुळात ऐच्छिक असतात; स्थिती देणे सक्तीचे हवे असेल तर त्या टाइपला 'रिक्वायर्ड'मध्ये गुंडाळावे लागते.

सर्व्हरकडून येणारी स्थिती हा या सगळ्यातला कच्चा दुवा आहे, कारण टाइप फक्त कंपाइलपुरते असतात. 'अ‍ॅज' लिहून टाइपस्क्रिप्टला गप्प बसवण्याचा मोह येथे हमखास होतो, आणि तो टाळावा. सर्व्हरच्या प्रत्येक स्थितीपुढे बॅजचा पर्याय लिहिलेला एक तक्ता ठेवून त्याला 'सॅटिस्फाइज'ने तपासावे. ही सोय टाइपस्क्रिप्ट ४.९ पासून, म्हणजे २०२२ पासून आहे. तक्त्यात नसलेली किंमत सर्व्हरने पाठवलीच, तर काय दाखवायचे हे स्पष्टपणे लिहिलेले असावे.

किती माल उरला ते दाखवणाऱ्या पट्टीची लांबी आधी ठरवता येत नाही. तेथे 'क्रिएट व्हार'ने एक व्हेरिएबल करून घटकात 'असाइन इनलाइन व्हार्स'ने त्याची किंमत भरावी. बाकीची स्टाइल जशीच्या तशी स्थिर राहते.

शेवटी बिल्डच्या आज्ञेकडे लक्ष द्यावे. व्हीट टाइप तपासत नाही, ते टाइप केवळ काढून टाकते. त्यामुळे एडिटरमधल्या लाल रेघांकडे दुर्लक्ष करूनही संकेतस्थळ बिनदिक्कत प्रकाशित होऊ शकते. पॅकेजच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये 'व्हीट बिल्ड'च्या आधी टाइप तपासणारी 'टीएससी' ही आज्ञा फाइली न बनवणाऱ्या 'नो एमिट' पर्यायासह चालवावी, आणि ती अयशस्वी झाल्यास पुढचे पाऊल पडू नये अशी दोन्ही आज्ञांची जोडणी करावी.