माशांच्या टाकीतलं हिरवं पाणी असं निवळलं

काचेवर हिरवा थर नाही, पण पाणीच मुगाच्या कढणासारखं दिसतंय, तर ते पाण्यात तरंगणारं एकपेशीय शेवाळ. ते इतकं बारीक असतं की फिल्टरच्या स्पंजमधून आरपार जातं. नुसतं पाणी बदलूनही भागत नाही. उरलेलं शेवाळ काही दिवसांत पुन्हा वाढतं.

माझ्या १०० लिटरच्या टाकीत उपयोगी पडला तो पूर्ण अंधार. आधी निम्मं पाणी बदललं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन अँटीक्लोरीनने घालवायलाच हवं. मग दिवा बंद आणि टाकीभोवती चारही बाजूंनी व वरून जाड काळं कापड, ४ दिवस. हवेसाठी वर थोडी फट ठेवायची. मध्ये डोकावून बघू नका, खाणंही घालू नका. निरोगी मोठे मासे तेवढं सहज सोसतात.

एअर पंप मात्र अहोरात्र चालू हवा. अंधारात शेवाळ ऑक्सिजन तयार करत नाही, उलट वापरतं. मेलेलं कुजताना आणखी ऑक्सिजन खातं आणि अमोनिया सोडतं. मासे दगावतात ते इथेच. म्हणून कापड काढल्याबरोबर पुन्हा निम्मं पाणी बदला, अमोनिया तपासा. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, नळाखाली नको, नाहीतर उपयोगी जिवाणू मरतात.

त्यानंतर टायमर लावून दिवा रोज ६ तासच. खिडकीचं थेट ऊन टाळा. खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच. हॉर्नवर्ट या पाणवनस्पतीच्या चार-पाच काड्या सोडा, ती नायट्रेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, भराभर शोषते. एवढं करूनही पाणी हिरवं झालं, तर यूव्ही फिल्टर (अतिनील प्रकाशाने शेवाळ मारणारा) लावा.