सांध्याचा आकडा आधी, लांबी नंतर

कोल्हापूर रेल्वे स्थानकाचं छोटं मॉडेल आखताना पहिली अडचण जागेची. लाइन इथेच संपते, त्यामुळे फलाटांकडे जाणारे सांधे, म्हणजे एका मार्गातून दुसरा फुटतो त्या जागा, एकाच तोंडाशी दाटीने येतात. मग रूळ आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये सांधा ओढून आखूड करायचा मोह होतो. तो टाळा. आधी क्रॉसिंगचा, म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या जागेचा, आकडा भरा. 1:6 म्हणजे 6 मिमी पुढे गेल्यावर 1 मिमी बाजूला, कोन साधारण साडेनऊ अंश. 1:4 ला तोच 14 अंश होतो, आणि लांब डबे तिथे अडखळायला लागतात. भारतीय रेल्वेचा 1:12 देखणा, जेमतेम पावणेपाच अंशांचा, पण घरच्या टेबलावर मावणं कठीण.

आकडा बदललात की समांतर रुळांकडे पुन्हा बघा: त्या कोनात 50 मिमी सरकायला 1:6 ला 300 मिमी लागतात, 1:8 ला 400.

मग एकच सांधा मूळ मापात छापून घ्या. राजारामपुरीत प्रिंट काढताना ‘पानात बसवा’ हा पर्याय मी तसाच ठेवला होता. त्यामुळे छापलेलं माप बदललं आणि त्यावरून कापलेले सगळे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, वाया गेले. आता आराखड्यातच 100 मिमीची रेघ काढतो आणि छापल्यावर आधी तीच पट्टीने मोजतो.