हवामान बदल आणि शाश्वततेत एमएससी: काय शिकायचं, कुठे अडतं, प्रबंध तडीस कसा न्यायचा

या अभ्यासक्रमाला विद्यार्थी कुठूनही येतात: भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र, वास्तुकला, कायदा, वाणिज्य. त्यामुळे पहिलं सत्र सगळ्यांना एका पातळीवर आणण्यातच सरतं आणि पाठोपाठ प्रबंधाचा विषय मागितला जातो. तोवर ज्यांच्या हाताला एखादी पद्धत बसलेली नसते, त्यांचा प्रबंध दुसऱ्यांच्या अहवालांचा गोषवारा होऊन बसतो. म्हणून वाचन चौफेर ठेवा, पण हत्यार एकच निवडा आणि पहिलं सत्र संपायच्या आत निवडा. हत्यारं मुख्यतः चार आहेत: हवामानाच्या डेटाचं विश्लेषण, उत्सर्जनाचा हिशेब व जीवनचक्र मूल्यांकन (वस्तूचा कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतचा पर्यावरणीय भार मोजणं), सर्वेक्षण व मुलाखती, आणि धोरण-अर्थशास्त्रीय विश्लेषण.

प्रवेशाआधी

अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नका. ‘शाश्वतता’ या एकाच नावाखाली कुठे वातावरणाचं भौतिकशास्त्र शिकवतात, तर कुठे कंपन्यांचे अहवाल लिहायला. विषयांची यादी उघडा आणि तीन गोष्टी पाहा. संख्याशास्त्र सक्तीचं आहे की ऐच्छिक? प्रबंधाला एकूण क्रेडिटपैकी किती वाटा आहे? चौथा ते तिसरा हिस्सा असेल तर ठीक, त्याहून कमी असेल तर खोल काम करायला वेळच मिळणार नाही. आणि पायथन, आर (प्रोग्रॅमिंगच्या भाषा) किंवा क्यूजीआयएसवर (नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर) प्रत्यक्ष काम करून घेतात की फक्त ‘ओळख’ करून देतात? ऐच्छिक विषयांची लांबलचक यादी पाहून हुरळू नका. त्यातले निम्मे विषय त्या वर्षी चालवलेच जात नाहीत, असंही घडतं. गेल्या वर्षी कोणते चालले ते विचारून घ्या.

आधी हाताने आकडेमोड

कला किंवा कायद्याकडून आलेल्यांनीही ही चार गणितं कागदावर सोडवावीत. दोन संध्याकाळी पुरतात.

पहिलं, पृथ्वीचं तापमान. सूर्याकडून येणारी ऊर्जा चौरस मीटरला १३६१ वॅट. गोलावर वाटली की ३४०. त्यातला सुमारे ३० टक्के भाग परावर्तित होतो, उरतात २३८. स्टेफान-बोल्ट्झमन नियमात (किती तापमानाची वस्तू किती ऊर्जा बाहेर टाकते ते सांगणारा नियम) हा आकडा घातला की उत्तर येतं २५५ केल्विन, म्हणजे उणे १८ अंश सेल्सिअस. प्रत्यक्षातलं सरासरी तापमान अधिक १५ च्या आसपास आहे. मधले ३३ अंश हरितगृह परिणामाचे.

दुसरं, रेडिएटिव्ह फोर्सिंग, म्हणजे पृथ्वीच्या ऊर्जेच्या जमाखर्चात पडणारा फरक, वॅट प्रति चौरस मीटरमध्ये. ५.३५ गुणिले, कार्बन डायऑक्साइडच्या आताच्या आणि आधीच्या प्रमाणाच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम. २८० पीपीएमचे (हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग) ५६० झाले तर ३.७ वॅट येतात. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या आंतरशासकीय मंडळाच्या) सहाव्या अहवालात मात्र ३.९३ दिसेल, कारण तिथे वातावरणातले जलद बदलही धरले आहेत. दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात मिसळले की परीक्षकाची पेन्सिल तिथेच थांबते.

तिसरं, १ पीपीएम म्हणजे २.१३ अब्ज टन कार्बन. त्याला ४४/१२ ने, म्हणजे ३.६७ ने गुणलं की ७.८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड. जमीनवापर धरून वर्षाला सुमारे ४० अब्ज टन उत्सर्जन होतं. ते सगळं हवेतच राहिलं असतं तर प्रमाण वर्षाला ५ पीपीएमने वाढलं असतं. वाढतं साधारण अडीचने. उरलेलं समुद्र आणि जमीन शोषून घेतात. ‘टन कार्बन’ आणि ‘टन कार्बन डायऑक्साइड’ यांतली गल्लत ही या क्षेत्रातली नेहमीची चूक आहे. उत्तर साडेतीन पटीच्या वर चुकलं असेल तर पहिला संशय तिथेच घ्यावा.

चौथं, दर १००० अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे तापमान अंदाजे ०.४५ अंशाने वाढतं. म्हणजे ०.१ अंशाला सुमारे २२० अब्ज टन, आताच्या वेगाने साडेपाच वर्षं. मिथेन आणि इतर वायू यात नाहीत, हे लिहायला विसरू नका.

आयपीसीसी वाचण्याची रीत

सहाव्या अहवालाचे तीन कार्यगट आहेत: भौतिक विज्ञान (ऑगस्ट २०२१), परिणाम व अनुकूलन (फेब्रुवारी २०२२), उत्सर्जन घट (एप्रिल २०२२). एकत्रित अहवाल मार्च २०२३ मध्ये आला. प्रत्येक कार्यगटाचा खंड हजारो पानांचा असल्याने पहिल्या पानापासून सुरुवात करणं निरर्थक. धोरणकर्त्यांसाठीचा सारांश घ्या, हवा तो मुद्दा शोधा आणि त्याच्या शेवटी महिरपी कंसात दिलेल्या प्रकरण क्रमांकावर जा. तिथे आधी प्रकरणाचा कार्यकारी सारांश, मग तो उपविभाग वाचा. संदर्भ देताना प्रकरणाचा द्या. सारांशाची ओळ न ओळ सरकारांच्या प्रतिनिधींनी मंजूर केलेली असते. मूळ तपशील आणि मर्यादा प्रकरणात असतात.

तिरप्या अक्षरांतले शब्द नुसते विशेषण म्हणून वाचू नका. ‘लाइकली’ म्हणजे ६६ ते १०० टक्के शक्यता, ‘व्हेरी लाइकली’ ९० ते १००, ‘व्हर्च्युअली सर्टन’ ९९ ते १००. ‘हाय कॉन्फिडन्स’ हे वेगळंच मोजमाप: पुरावा किती आणि त्यावर एकमत किती. त्याला टक्केवारी चिकटवायची नसते.

हवामानाचा डेटा: इथेच महिने जातात

हे हत्यार निवडलं असेल तर बहुधा ईआरए५ (युरोपीय हवामान केंद्राचा, जगभराचं जुनं हवामान पुन्हा मांडणारा डेटासंच) पासून सुरुवात होईल: १९४० पासूनचा तासागणिक डेटा, ०.२५ अंशांची जाळी. उतरवून घेण्याआधी आकार मोजा. जगभराची जाळी १४४० गुणिले ७२१, म्हणजे १० लाखांवर बिंदू. प्रत्येकी ४ बाइट धरले तर एका घटकाचा एक तास ४ एमबी, एक दिवस १०० एमबी, एक वर्ष ३६ जीबी. तीस वर्षं मागवली की लॅपटॉप गेलाच. फक्त हवा तो प्रदेश आणि शक्य तिथे दैनिक किंवा मासिक सरासरी मागा.

एककांचे सापळे नेहमीचेच. तापमान केल्विनमध्ये येतं, २७३.१५ वजा करा. पण तापमानातला *फरक* काढला असेल तर काहीही वजा करायचं नाही; उणे २७१ अंशांचा ‘बदल’ दाखवणारे नकाशे यातूनच जन्माला येतात. ईआरए५ मध्ये पाऊस मीटरमध्ये असतो. तासाचा आकडा त्या वेळेला *संपणाऱ्या* तासाचा, म्हणून दिवसाची बेरीज ०१ पासून पुढच्या दिवसाच्या ०० पर्यंत करावी लागते. घड्याळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), हेही लक्षात ठेवा. मासिक सरासरीच्या फाइलमध्ये हाच पाऊस मीटर प्रतिदिन असतो, त्याला महिन्याच्या दिवसांनी गुणावं लागतं. सीएमआयपी६ मॉडेलांत (जगभरच्या संस्थांच्या हवामान मॉडेलांचा तुलनेसाठीचा संच) पाऊस किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति सेकंद असतो. ८६,४०० ने गुणलं की मिलिमीटर प्रतिदिन.

काही मॉडेलांचं वर्ष ३६० दिवसांचं असतं, त्यात ३० फेब्रुवारीही येतो. काहींत लीप वर्षच नसतं. रेखांश कुठे ० ते ३६०, कुठे उणे १८० ते अधिक १८०. दोन फाइली जोडण्याआधी या तीन गोष्टी छापून पाहा.

जागतिक सरासरी काढताना अक्षांशाच्या कोसाइनने भार द्या. ६० अंशांवरची चौकट विषुववृत्तावरच्या चौकटीच्या निम्म्या क्षेत्रफळाची असते. भार दिला नाही तर ध्रुवाकडच्या चौकटींना अवाजवी महत्त्व मिळतं, आणि आर्क्टिक जगापेक्षा वेगाने तापत असल्यामुळे तापमानवाढ खऱ्यापेक्षा जास्त दिसते. उत्तर ‘पटण्यासारखं’ येतं, म्हणून ही चूक पकडलीही जात नाही.

ईआरए५ म्हणजे निरीक्षण नव्हे. निरीक्षणं आणि मॉडेल यांचा मेळ आहे. तापमानावर बराच विश्वास ठेवता येतो, पावसावर कमी. स्थानकाच्या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय पावसावर निष्कर्ष काढू नका. उपग्रहांची भर पडल्यावर मालिकेत उडी दिसू शकते, ती हवामानाची असेलच असं नाही. स्थानकांनाही हाच नियम: जागा बदलली, उपकरण बदललं की आलेख पायरीसारखा तुटतो. तीस वर्षांपेक्षा कमी मालिकेवर कल (ट्रेंड) आहे की नाही याबद्दल ठाम बोलू नका. मान-केंडल चाचणी (कल आहे का) आणि सेन उतार (तो किती) ही जोडी चालते, पण आधी स्वसहसंबंध, म्हणजे एका वर्षाच्या आकड्याचा आधीच्या वर्षांच्या आकड्यांशी असलेला संबंध, तपासा. तो असेल तर चाचणी नसलेला कलही ‘लक्षणीय’ ठरवते. ५ टक्के पातळीवर शंभर चौकटींवर एकच चाचणी चालवली तर कल नसतानाही सरासरी पाच चौकटी निव्वळ योगायोगाने लक्षणीय येतील. अशा खोट्या निकालांचं प्रमाण आवरणारी फॉल्स डिस्कव्हरी रेटची दुरुस्ती लावा.

भविष्याच्या अंदाजासाठी एकच मॉडेल घेऊ नका. सीएमआयपी६ मधल्या मॉडेलांची संवेदनशीलता (कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर शेवटी होणारी तापमानवाढ) १.८ पासून ५.६ अंशांपर्यंत पसरलेली आहे, तर आयपीसीसीची संभाव्य मर्यादा २.५ ते ४ अंश. नुसती सरासरी घेतली की अति तापणारी मॉडेलं निकाल वर ओढतात. यावर चांगली वाट म्हणजे ‘२०५० साली काय’ असं न विचारता ‘जग २ अंशांनी तापल्यावर काय’ असं विचारणं. प्रत्येक मॉडेल ती पातळी ज्या वर्षी गाठेल त्याभोवतीची वीस वर्षं घ्यायची. आणि एसएसपी५-८.५ या भविष्यातल्या उत्सर्जनाच्या कल्पित चित्राला ‘जैसे थे’ म्हणू नका. ते अति उत्सर्जनाचं टोक आहे.

उत्सर्जनाचा हिशेब आणि जीवनचक्र

सूत्र सोपं आहे: कृतीचं प्रमाण गुणिले उत्सर्जन गुणांक. घोळ सगळा गुणांकात. इंधनाचा गुणांक निव्वळ उष्मांकावर (जळताना बनणाऱ्या वाफेतली उष्णता न धरता) आहे की एकूण (ती धरून), ते पाहा. कोळसा-तेलात सुमारे ५ टक्के आणि नैसर्गिक वायूत १० टक्के फरक पडतो. विजेसाठी जाळ्याच्या सरासरीचा आकडा आणि खरेदी कराराचा आकडा, दोन्ही वेगवेगळे दाखवा. तिसऱ्या व्याप्तीत (स्कोप ३: पुरवठ्यापासून ग्राहकाच्या वापरापर्यंतच्या साखळीतलं अप्रत्यक्ष उत्सर्जन) १५ वर्ग आहेत. त्यातले कोणते वगळले आणि का, हे तक्त्यातच लिहा. खर्चावरून काढलेला अंदाज भाव वाढला की उत्सर्जन वाढल्याचं दाखवतो, तेव्हा दोन वर्षांची तुलना त्यावर करू नये.

मिथेनचा गुणक (एक टन मिथेन किती टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचं धरायचं) आयपीसीसीच्या कोणत्या अहवालातला? शंभर वर्षांसाठी पाचव्या अहवालात २८, सहाव्यात जीवाश्म मिथेनला २९.८ आणि इतर मिथेनला २७. पॅरिस कराराखालच्या राष्ट्रीय अहवालांना पाचव्याचे आकडे लागतात. वीस वर्षांचा गुणक ८० च्या घरात जातो, म्हणून कालावधी न सांगता दिलेला आकडा निरुपयोगी.

जीवनचक्र मूल्यांकन आयएसओ १४०४० आणि १४०४४ प्रमाणे चार टप्प्यांत चालतं, पण निकाल ठरतो पहिल्याच टप्प्यात, कार्यात्मक एकक निवडताना. ‘एक लिटर रंग’ हे एकक नव्हे. ‘एक चौरस मीटर भिंत दहा वर्षं झाकणं’ हे एकक. एका प्रक्रियेतून दोन उत्पादनं निघत असतील तर भार वजनाने वाटायचा, ऊर्जेने की किमतीने, हे ठरवा आणि दुसऱ्या रीतीनेही एकदा काढून दाखवा. ओपनएलसीए हे त्यासाठीचं सॉफ्टवेअर मोफत आहे. चांगले डेटाबेस मोफत नसतात. विद्यापीठाकडे परवाना आहे का, हे विषय ठरवण्याआधी विचारा.

सर्वेक्षण, धोरण

मुलाखती असतील तर नैतिक मान्यता पहिल्या मुलाखतीच्या आधी हवी, मागाहून मिळत नाही. त्यात काही आठवडे जातात. ‘३८४ नमुना’ हा सर्वेक्षणांत सर्रास दिला जाणारा आकडा (९५ टक्के खात्री, ५ टक्के चूक धरून) यादृच्छिक निवडीलाच लागू आहे. ओळखीच्यांना पाठवलेल्या लिंकला नाही. अर्थशास्त्रात सूट दर (भविष्यातल्या रकमेचं आजचं मूल्य ज्या वार्षिक दराने घटवतात तो) तपासून पाहा: शंभर वर्षांनंतरच्या १०० च्या नुकसानीचं आजचं मूल्य १.४ टक्के दराने २५, तर ५ टक्क्यांनी एकही पुरता नाही. धोरणाचा प्रबंध करणाऱ्यांनी कराराचा मूळ मसुदा वाचावा, त्यावरचे लेख नंतर.

प्रबंध

प्रश्नात जागा, काळ, मोजायची गोष्ट आणि तुलना हे चारही असावं. एखादं गाळलं तर प्रश्न सैल पडतो. विषय मंजूर करून घेण्याआधी निकालाचे तक्ते आणि आलेख रिकामेच काढा: अक्षांवर काय, ओळींत काय. रिकामा आलेख काढता येत नसेल तर प्रश्न अजून तयार नाही. मग एक आठवडा डेटाची चाचणी घ्या. फाइल उघडते का, काळ सलग आहे का, वापराची परवानगी आहे का? ‘संस्था डेटा देणार आहे’ या भरवशावर विषय घेऊ नका. दुसरा, खुला पर्याय खिशात हवाच.

सोळा आठवडे असतील तर वाटणी अशी: वाचन व प्रश्न ३, डेटा जमवणं व साफ करणं २, विश्लेषण ५, अनिश्चितता व पर्यायी गृहीतकं १, लेखन ४, राखीव १. पद्धतीचं प्रकरण विश्लेषण चालू असतानाच लिहा, नंतर कोणता निकष का लावला ते आठवत नाही. पन्नासेक शोधनिबंध पुरतात, मात्र प्रत्येकाची एक ओळ तक्त्यात हवी: प्रश्न, डेटा, पद्धत, निकाल, उणीव. झोटेरो (संदर्भ सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर) पहिल्या दिवसापासून वापरा. डेटा कोणत्या तारखेला, कोणत्या आवृत्तीचा उतरवला ते नोंदवा. ईआरए५ चा अगदी अलीकडच्या दोन-तीन महिन्यांचा भाग तात्पुरता असतो, नंतर बदलू शकतो.

तोंडी परीक्षेत हे तीन प्रश्न हमखास येतात, तेव्हा उत्तरं आकड्यांसह तयार ठेवा. हाच संदर्भकाळ (ज्याच्याशी बदलाची तुलना केली ती वर्षं) का घेतला, १९९१ ते २०२० ऐवजी १९६१ ते १९९० घेतला तर काय बदलतं? सगळ्यात मोठी अनिश्चितता कोणत्या एका गृहीतकात आहे? आणि ते गृहीतक दहा टक्क्यांनी हलवलं तर निष्कर्षाची दिशा उलटते का? दिशा उलटत असेल तर ते स्वतःच सांगा, परीक्षकाने शोधून काढायची वाट पाहू नका.