ट्यूमरच्या जीनोममध्ये क्रोमोथ्रिप्सिस कसं ओळखायचं

कर्करोगाच्या पेशीतली गुणसूत्रं बहुतेक वेळा हळूहळू बिघडत जातात. आज एक तुकडा गळतो, काही पिढ्यांनी दुसरा उलटा बसतो. पण काही ट्यूमरमध्ये एखाद्या गुणसूत्राचे एकाच झटक्यात डझनावारी तुकडे होतात आणि पेशी ते वाटेल त्या क्रमानं पुन्हा सांधते. हे क्रोमोथ्रिप्सिस. इंग्लंडमधल्या सँगर इन्स्टिट्यूटच्या गटानं २०११ मध्ये त्याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या (रक्ताच्या एका कर्करोगाच्या) एका रुग्णात चौथ्या गुणसूत्राच्या लांब भुजेशी निगडित ४२ पुनर्रचना त्यांना सापडल्या होत्या.

हे घडतं कसं, ते आधी पक्कं समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक चाचणी त्यावरच उभी आहे. पेशीविभाजनात एखादं गुणसूत्र मागे रेंगाळलं, तर त्याच्याभोवती वेगळं, छोटं केंद्रक तयार होतं: मायक्रोन्यूक्लियस. त्याचं आवरण कमकुवत असतं आणि सहज फाटतं. आतल्या डीएनएची प्रतिकृती धड होत नाही, दुरुस्तीची प्रथिनं पुरेशी पोचत नाहीत, आणि त्या एकट्या गुणसूत्राचा चुरा होतो. पुढच्या विभाजनानंतर हे तुकडे मुख्य केंद्रकात आले, की तिथली दुरुस्ती यंत्रणा टोकाला टोक जोडत सुटते. मूळ क्रम तिला ठाऊक नसतो. काही तुकडे या गडबडीत कायमचे हरवतात. दुसरी वाट टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्राच्या टोकांवरची संरक्षक टोपणं, झिजण्याची: दोन गुणसूत्रांची टोकं चिकटतात, विभाजनात त्यांचा पूल ताणला जातो आणि तुटतो.

यातून हाताशी येणारी खूण अशी: तुकडा एक तर टिकला, नाही तर हरवला. तिसरी शक्यता नाही. म्हणून कॉपी नंबर, म्हणजे त्या भागाच्या पेशीत किती प्रती आहेत तो आकडा, २ आणि १ यांच्यामध्येच वरखाली होत राहतो. नुसते ब्रेकपॉइंट (गुणसूत्र तुटल्याच्या जागा) मोजून क्रोमोथ्रिप्सिस ठरवू नका. आम्हाला सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच आहे.

नमुना आणि कॉपी नंबर

संपूर्ण जीनोम सिक्वेन्सिंग हवं. ट्यूमर किमान ६०एक्स (म्हणजे प्रत्येक जागा सरासरी ६० वेळा वाचलेली), त्याच रुग्णाचं रक्त ३०एक्स. एक्झोमवर (फक्त प्रथिनांचा संकेत असलेल्या भागांच्या सिक्वेन्सिंगवर) हे काम होत नाही, कारण बहुतेक ब्रेकपॉइंट त्या भागांच्या बाहेर पडतात. ताजा गोठवलेला नमुना मिळत असेल तर तोच घ्या. पॅराफिन (मेणाच्या) ब्लॉकमधल्या डीएनएत लहान, खोटी इन्व्हर्जन (उलटे बसलेले तुकडे) भरपूर निघतात. दोन-तीन रीडच्या (सिक्वेन्सिंगमध्ये वाचलेल्या छोट्या तुकड्यांच्या) आधारावर उभं असलेलं काहीशे बेसचं इन्व्हर्जन दिसलं, तर ते आधी संशयितच धरा.

ट्यूमर पेशींचं प्रमाण (शुद्धता) काढल्याशिवाय कॉपी नंबरचा आलेख वाचू नका. समजा ७० टक्के पेशी ट्यूमरच्या आहेत. हरवलेल्या भागात सरासरी कॉपी ०.७ × १ + ०.३ × २ = १.३ येते. हे सामान्य २ च्या ०.६५ पट आहे, म्हणजे लॉग-२ गुणोत्तर साधारण उणे ०.६२. ही पायरी डोळ्यांना स्वच्छ दिसते. पण ट्यूमर पेशी ३० टक्केच असतील, तर सरासरी १.७ आणि गुणोत्तर उणे ०.२३. मग लहान तुकडे गोंगाटात बुडतात.

आलेखाला जोड हवी ती विषमयुग्मी एसएनपींची, म्हणजे आई आणि वडील यांच्याकडून वेगवेगळं अक्षर आलेल्या एकेका बेसच्या जागांची; अशा दोन रूपांना अ‍ॅलील म्हणतात. टिकलेल्या भागात दोन्ही अ‍ॅलीलचं प्रमाण ०.५ च्या आसपास राहतं. हरवलेल्या भागात, ७० टक्के शुद्धतेला, ०.७७ आणि ०.२३ असे दोन पट्टे फुटतात. एकाच गुणसूत्रावर फुटलेले आणि न फुटलेले पट्टे आळीपाळीनं येत असतील, तर पुरावा भक्कम आहे. हळूहळू होणाऱ्या बिघाडात एकदा गेलेलं अ‍ॅलील परत येत नाही. त्यामुळे डझनावारी पुनर्रचनांनंतरही मधले इतके भाग दोन्ही अ‍ॅलील राखून उरणं जवळजवळ अशक्य.

सांधे

तुकडे जिथे नव्यानं जोडले गेले त्या जागा, म्हणजे सांधे, शोधणाऱ्या मँटा, डेली, ग्रिड्स यांपैकी किमान दोन प्रोग्रॅमनी दिलेले सांधे ठेवा आणि रक्तातही दिसणारे काढून टाका. उरलेल्यांपैकी काही आयजीव्हीत (रीड डोळ्यांनी पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये) स्वतः उघडून पाहा. खऱ्या सांध्याला दोन्ही प्रकारचे रीड साथ देतात: ज्यांची जोडी भलत्याच अंतरावर किंवा दिशेला बसते ते, आणि जे बरोबर त्या बेसवर मधोमध तुटतात ते. शिवाय कॉपी नंबरची पायरी तिथेच असायला हवी. सांधा आहे पण पायरी नाही असं वरचेवर दिसलं, तर सेगमेंटेशन (गुणसूत्राचे सारख्या कॉपी नंबरचे सेगमेंट पाडणं) फार ढोबळ झालंय.

मग दिशा मोजा. सांधे चार तऱ्हेचे असतात: डिलीशनसारखे, डुप्लिकेशनसारखे आणि दोन प्रकारचे उलटे. तुकडे खरोखर वाटेल तसे जोडले गेले असतील तर चारही जवळपास सारखे येतात. ४० सांध्यांपैकी ३० डिलीशनसारखे असतील, तर ती वेगळी गोष्ट आहे.

शॅटरसीक हा प्रोग्रॅम हे सगळं एकत्र तपासतो. खात्रीच्या निदानासाठी एकमेकांत गुंतलेल्या किमान ६ पुनर्रचना आणि दोन अवस्थांमध्ये हेलकावणारे सलग किमान ७ सेगमेंट हवेत. त्याला फाइल देण्यापूर्वी सारख्याच कॉपी नंबरचे शेजारचे सेगमेंट जोडून घ्या; ते राहिलं तर हेलकाव्यांची मोजणी चुकते.

फसवणारे दोन नमुने लक्षात ठेवा. कॉपी नंबर जिन्यासारखा चढत जातो, जवळजवळच उलटे सांधे आहेत आणि टोकाकडचा भाग गायब आहे, तर ते तूट-जोड-पूल चक्र. बार्बरा मॅक्लिंटॉक यांनी मक्यात दाखवलेलं. दुसरा, काही तुकडेच वीस-तीस कॉपींवर गेलेले: ते बहुधा गुणसूत्राबाहेरचं वर्तुळाकार डीएनए. मात्र असं वर्तुळ क्रोमोथ्रिप्सिसच्या चुऱ्यातूनही बनतं. तेव्हा फक्त उंच तुकड्यांवर न थांबता बाकीच्या गुणसूत्रावर २-१ चा हेलकावा उरलाय का, ते पाहा.

शेवटी चार-पाच सांध्यांची पीसीआरनं खातरजमा करा. प्रायमर सांध्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दोनशे बेसवर ठेवा, म्हणजे ३०० ते ४०० बेसचा पट्टा येईल. ट्यूमर, रक्त आणि पाणी असे तीन नळ्यांचे नमुने लावा. पट्टा फक्त पहिल्यात यायला हवा. रक्तातही आला तर सांधा जन्मजात आहे किंवा प्रायमर पुनरावृत्त भागात बसलेत.

नमुना लहान मुलाच्या मेड्युलोब्लास्टोमाचा (मेंदूच्या एका कर्करोगाचा), त्यातही एसएचएच या उपगटातला असेल आणि क्रोमोथ्रिप्सिस ठरलं, तर रक्तातलं टीपी५३ जनुक लगेच तपासायला सांगा. या गटात त्याचा टीपी५३ च्या बिघाडाशी घट्ट संबंध आहे हे २०१२ मध्ये दिसून आलं. तो बिघाड जन्मजात निघाला तर ते ली-फ्रॉमेनी सिंड्रोम, म्हणजे कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक विकार. रेडिएशनचा निर्णय घेण्याआधी हे डॉक्टरांच्या हातात असायलाच हवं.