विधानसभेचा निकाल नीट कसा वाचावा

२३ नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्र विधानसभेचा निकाल लागला. २८८ पैकी भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. समोर ठाकरेंची शिवसेना २०, काँग्रेस १६, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. बहुतेक जण एवढं वाचून थांबतात. तोच निकाल समोर ठेवून पुढे काय पाहायचं ते सांगतो.

पहिली पायरी मतमोजणीच्या सकाळची. आठला टपाली मतं उघडतात, अर्ध्या तासाने यंत्रांची मोजणी सुरू होते. साधारण १४ टेबलं असतात, म्हणजे एका फेरीत १४ मतदान केंद्रं, तीही यादीच्या क्रमाने. त्यामुळे सुरुवातीच्या फेऱ्यांत मतदारसंघाच्या एकाच भागातली गावं येतात. आघाडीचा आकडा दिसला की कितवी फेरी आणि एकूण फेऱ्या किती, हे आधी बघा. कोणती गावं मोजायची राहिली आहेत हे कळल्याशिवाय गुलाल उधळू नका. साकोलीत नाना पटोले अवघ्या २०८ मतांनी निवडून आले, मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांवर लागला.

दुसरी पायरी मतांच्या टक्केवारीची. इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते, म्हणून जरा थांबून वाचा. शिंदेंच्या शिवसेनेला राज्यभरात १२.३८ टक्के मतं पडली, काँग्रेसला १२.४२. जागा मात्र ५७ आणि १६. हे पाहून लोक लगेच संशय घेतात. पण राज्याची टक्केवारी २८८ मतदारसंघांतल्या मतांवर काढलेली असते आणि युती-आघाडीत कोणीच सगळ्या जागा लढवत नाही. शिंदेंनी ८१ लढवल्या, काँग्रेसने १०१. म्हणून टक्केवारीला २८८ ने गुणा आणि लढवलेल्या जागांनी भागा. शिंदेंची शिवसेना जिथे लढली तिथे सरासरी ४४ टक्क्यांच्या आसपास येते, काँग्रेस ३५ च्या. मतदान सगळीकडे सारखं नसतं, त्यामुळे हा अंदाजच. तरी फरक केवढा होता ते लख्ख दिसतं. हाच हिशेब दोन्ही राष्ट्रवादींचा करून पाहा: अजित पवार ९.०१ टक्के आणि लढवलेल्या जागा ५९, शरद पवार ११.२८ टक्के आणि लढवलेल्या जागा ८६.

मग आपला मतदारसंघ उघडा आणि मताधिक्याशेजारी तिसऱ्या क्रमांकाची मतं ठेवा. माहीममध्ये ठाकरेंच्या शिवसेनेचे महेश सावंत यांनी शिंदेंच्या शिवसेनेचे सदा सरवणकर यांना १,३१६ मतांनी हरवलं आणि तिसरे, मनसेचे अमित ठाकरे, ३३ हजारांवर मतं घेऊन गेले. अशा ठिकाणी मतविभागणीची चर्चा होणारच, पण तिसऱ्याची सगळी मतं एकाच झोळीत पडली असती असं गृहीत धरू नका. त्यातले काही मतदार घरीच बसले असते.

लोकसभेशी तुलना करायची तर जपून. त्याच वर्षी लोकसभेला महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा घेतल्या होत्या, पण तेव्हा मतदान ६१ टक्क्यांच्या घरात होतं, विधानसभेला ६६ च्या. वाढलेले मतदार कोण, हे समजून घेतल्याशिवाय कोणाची मतं कुठे ‘गेली’ हे सांगता येत नाही.

शेवटची पायरी सगळ्यात मोलाची, आणि ती फार थोडे लोक चढतात. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मतदारसंघनिहाय ‘नमुना २०’ मिळतो. त्यात प्रत्येक केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मतं पडली ते असतं, ‘नोटा’सकट. आपल्या केंद्राचा क्रमांक मतदार चिठ्ठीवर सापडेल. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष उमेदवारांच्या प्रतिनिधींना ‘१७-सी’ची प्रत देतात, त्यात यंत्रात नोंदलेली एकूण मतं असतात. ओळखीच्या प्रतिनिधीकडून ती मिळाली तर दोन्ही बेरजा ताडून पाहा. तफावत दिसली तर आधी कारण विचारा, मग बोला. आणि एक कळकळीची विनंती: अमुक वस्तीने आपल्याला मतं दिली नाहीत, असं हे आकडे दाखवून कोणाचं पाणी किंवा रस्ता अडवला जात असेल, तर तिथे गप्प बसू नका.