ब्लूज स्केल शिकताय? आधी तीनच तारा पकडा

बहुतेक जण काय करतात, गिटारच्या सहाही तारांवर ब्लूज स्केल, म्हणजे ब्लूज संगीतातली ठरलेली सुरांची मालिका, वर-खाली पळवत बसतात आणि महिन्याभराने म्हणतात की अजून पाढे म्हटल्यासारखंच वाजतंय. मी पण हेच केलंय. त्यापेक्षा ए मायनर ब्लूज घ्या, पाचव्या फ्रेटवर (गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांनी आखलेला पाचवा कप्पा) या आणि फक्त खालच्या तीन बारीक तारा वापरा: जी तारेवर ५, ७, ८, बी वर ५, ८ आणि बारीक ई वर ५, ८. झालं, सातच जागा, पण ए, सी, डी, ई फ्लॅट, ई, जी असे स्केलचे सगळे सूर त्यात आले.

यातली खरी गंमत जी तारेच्या आठव्या फ्रेटवर आहे, ई फ्लॅट, म्हणजे ब्लू नोट, ब्लूजला रंग देणारा सूर. तिच्यावर मुक्काम नाही करायचा, नुसतं घासून पुढे जायचं, थांबलात तर चुकल्यासारखंच वाटतं. आणि बारीक ई वरचा आठवा फ्रेट, सी, तो दाबून तार किंचित वर ढकला, अर्धा सूर पण नाही, अगदी जराशी. असं बेंड करताना, म्हणजे तार ढकलताना, एकट्या करंगळीने जोर लावू नका, तिसरं बोट वापरा आणि मागची दोन बोटं त्याच तारेवर आधाराला ठेवा, नाहीतर सूर बेसूर होतो आणि बोटं दुखतात ते वेगळंच.

मग ए७, डी७, ई७ या कॉर्ड्सचा बारा बारचा (बार म्हणजे तालाचं एक आवर्तन) स्लो बॅकिंग ट्रॅक, म्हणजे साथीचं रेकॉर्डिंग, लावा, दोन बार वाजवा, दोन बार गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं.