मोडक्या सुयांना निरोप कसा द्यावा

शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकीकडे मोडक्या सुया असतात. मशीनच्या खणात बॉबिनच्या गर्दीत, रिळांच्या डब्याच्या तळाशी, कधी पडद्यालाच टोचून ठेवलेल्या. नारायण पेठेत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे आणि दुपारी तिथेच क्लास चालतो, त्यामुळे माझ्याकडे त्या भराभर साठतात. त्यांचं काय करायचं, हे मला माझ्या एका गिऱ्हाईक मुलीनं सांगितलं. ती जपानी शिकवते, काही वर्षं टोकियोत राहून आली आहे. आता दरवर्षी आम्ही हे करतो. तुम्हीही करा.

टोकियोकडे ८ फेब्रुवारीला आणि क्योतोकडे बहुतेक ८ डिसेंबरला हारी कुयो असतो. माणूस गेल्यावर त्याच्यासाठी जो विधी करतात, तो इथे सुयांसाठी होतो. किमोनो शिवणारे कारागीर, शिवण शिकणाऱ्या मुली, घरच्या बायका वर्षभरातल्या मोडक्या, गंजक्या, बोथट सुया घेऊन देवळात जातात आणि टोफूत किंवा कोन्याकू नावाच्या कंदाच्या लिबलिबीत वडीत टोचतात. टोकियोच्या सेन्सोजी मंदिराच्या आवारात अवाशिमाचं छोटं देऊळ आहे, तिथे हा विधी मोठ्या प्रमाणावर होतो. अवाशिमा ही बायकांच्या दुखण्याखुपण्यांची देवता. मऊ वस्तूच का, तर जन्मभर सुईनं जाड कापडातून वाट काढली, शेवटी तरी तिला मऊ जागा मिळावी म्हणून. त्या दिवशी शिवायचं नाही.

आपण खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार घालतो, कात्रीला हळदकुंकू लावतो. ती पूजा कामावर असलेल्या अवजारांची. कामातून गेलेल्यासाठी आपल्याकडे काही नव्हतं, म्हणून मला हे इतकं भिडलं. जपानात जुन्या बाहुल्यांचा, लिहून झिजलेल्या कुंचल्यांचाही असाच विधी होतो. ज्यानं साथ दिली, त्याची साथ संपली हे कुणीतरी थांबून म्हणायचं, बस.

तयारी वर्षभर चालते. झाकणाची एक बरणी मशीनशेजारी ठेवा. सुई मोडली की आधी मशीन बंद करा आणि तिचे सगळे तुकडे शोधा. टोक बहुतेक वेळा कापडात अडकतं किंवा दातऱ्याखाली जातं, तिथे लोहचुंबक फिरवा. कपड्यांच्या कारखान्यांत सगळे तुकडे जुळल्याशिवाय नवी सुई देत नाहीत. माझ्या क्लासातही हाच नियम आहे. आठेक तासांच्या शिवणीनंतर मशीनची सुई बदलावी, टोक बोथट झालं की रेशमाचा धागा ओढला जातो. खणाच्या कापडावर नऊ किंवा अकरा नंबर चालेल, जीन्सची पायपट्टी दुमडायची तर सोळा लावा. चौदा नंबर लावून जीन्स दामटली की सुई गेलीच. हातशिलाईच्या सुयाही बरणीत टाका: नेढं तुटलेल्या, गंजलेल्या, वाकलेल्या.

टोफू हल्ली डेअरीतही मिळतो. घट्ट घ्या, रेशमी टोफू सुईच्या भारानं फाटतो. पाणी काढून सुती फडक्यावर निथळू द्या. नाही मिळाला तर तांदळाच्या पिठाची उकड काढा आणि जाड वडी थापून गार होऊ द्या. मोदकाच्या उकडीपेक्षा किंचित सैल हवी. पहिल्या वर्षी आम्ही उकडच केली होती, आणि माझं मत विचाराल तर ती टोफूहून जास्त आपली वाटते.

वेळ दिवेलागणीच्या आधीची ठेवा. एरवीही आमच्याकडे दिवे लागल्यावर सुई कुणाला देत नाहीत. फेब्रुवारीत लग्नसराई असते, फॉल-पिकोच्या साड्या रांगेत असतात, तरी त्या दिवशी मशीनवर कापड टाकून ठेवते. गिऱ्हाइकाला आधीच तारीख पुढची द्यायची.

मग एकेकीनं बरणीतून एकेक सुई घ्यायची. तुकडे बोटांनी उचलू नका, चिमट्यानं घ्या. टोचण्याआधी ती सुई कशासाठी वापरली ते आठवायचं, आठवेल तेवढंच. क्लासातली एक मुलगी म्हणाली, ही बहिणीच्या डोहाळजेवणाच्या साडीला फॉल लावताना मोडली. दुसरी काहीच बोलली नाही, नुसती टोचून बाजूला झाली. तिला कुणी विचारलं नाही, आणि तुम्हीही विचारू नका. जपानात म्हणतात की बायका ज्या गोष्टी कुणाला सांगू शकत नाहीत त्या सुईपाशी सोडतात आणि या दिवशी त्या देवाकडे जातात. रात्री एकटीनं हातशिलाई करत बसलेल्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

मला ज्यांनी शिवण शिकवलं त्या बाई गेल्या, तेव्हा त्यांच्या मुलीनं मला त्यांचा डबा आणून दिला. पावडरचा जुना पत्र्याचा डबा, आत अंगुस्तान, हुकांची पाकिटं आणि काळ्या कापडाच्या तुकड्याला टोचलेल्या सुया. त्यात एक सुई मधोमध बाकदार झालेली होती. वर्षानुवर्षं एकाच बोटानं एकाच जागी दाबलं की हातशिलाईची सुई हळूहळू वाकते, आणि ती ज्या हातात वाकली त्याच हातात बसते. मी धरून पाहिली, मला टाका घालता येईना. बाई डावऱ्या होत्या.

गेलेल्या माणसाच्या सुयांचं काय करायचं, हे मला पुष्कळ जणी विचारतात. माझं सांगणं असं: ज्या सुया तुमच्या हातात चालतात त्या वापरा, अंगुस्तान वापरा, कात्रीला धार लावून घ्या. डबाच्या डबा देवघरात ठेवून दिला तर पावसाळ्यात सगळ्यालाच गंज चढेल. जी सुई फक्त त्यांच्याच हाताची होती, ती निरोपाला आणा. बाईंच्या मुलीला मी त्या संध्याकाळी बोलावलं होतं. तिनं ती बाकदार सुई बराच वेळ हातात धरली, मग उकडीत टोचली आणि म्हणाली, "आई, बास आता." ती रडली, आम्हीही रडलो. त्यानंतर चहा झाला. चहा ठेवाच. कुणाला लगेच उठून घरी जावंसं वाटत नाही.

सुया टोचलेल्या टोफूची किंवा उकडीची थाळी रात्रभर तशीच राहू द्या, उंचावर, लहान मुलांचा हात पोचणार नाही अशी. सकाळी पक्कडीनं सगळ्या सुया काढा आणि मोजून पाहा, एखादा तुकडा आत राहतो. टोफू किंवा उकड मग ओल्या कचऱ्यात किंवा खताच्या कुंडीत. सुया मात्र कुंडीत पुरू नका, पुढच्या वर्षी माती उकरताना हाताला लागतील, आणि मुठा नदीत तर मुळीच टाकू नका. जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा, झाकण घट्ट लावून वरून चिकटपट्टी गुंडाळा, लाल शाईनं मोठ्या अक्षरांत ‘सुया’ लिहा. भंगारवाला घेत असेल तर त्याला द्या. नाहीतर कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात द्या आणि आत काय आहे ते तोंडानं सांगा. त्या पिशव्या हातानंच निवडतात.